सूक्ष्म सृष्टीचें छायाचित्रण : विस्तारनळीचे पहिले पाठ

मृग नक्षत्राचा पहिला पाऊस पडून गेला, कीं पेठच्या माळावर तांबड्या मखमलीचा एक लहानसा ठिपका चालूं लागतो. त्याला आपण मृगाचा किडा म्हणतों. लहानपणीं आपणांपैकीं बहुतेकांनीं तो तळहातावर घेतलेला आहे. कांहींनीं तर आगपेटींतहि ठेवलेला आहे. परंतु त्याला पाय किती, असा प्रश्न आम्हीं वर्गांत विचारला, तेव्हां बहुतेक मुलांनीं सहा सांगितले, एकदोघांनीं चार सांगितले, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत खात्रीचें उत्तर नव्हतें. जी वस्तु आपण दरवर्षीं पाहतों ती आपण पाहिलेलीच नसते, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. पुढें त्याच जीवाचें छायाचित्र आम्हीं घेतलें. चित्रांत पाय स्वच्छ मोजतां आले. ते आठ होते. अर्थात् नांवानें किडा असला तरी तो कीटक नव्हे. कारण कीटकांस सहाच पाय असतात. तो कोळी, विंचू व गोचीड यांच्या गोतांतला आहे.

हें चित्र ज्या साध्या साधनानें घेतलें, त्या साधनाची ओळख आमच्या विद्यार्थी मित्रांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे. त्या साधनास इंग्रजींत एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. आपण त्यास विस्तारनळी म्हणूं.

पेठचा मुलूख या विद्येस फार अनुकूल आहे. नाशिकहून निघून सावळघाट ओलांडीत सुमारें ५५ किलोमीटर आलें, कीं आपण डोंगरउतारांच्या, भरपूर पावसाच्या प्रदेशांत येतों. खांचरांत भात, उतारावर नागली व वरई, आणि भाद्रपद-आश्विनांत खुरासणीचीं पिवळींजर्द शेतें, असा आपला देखावा आहे. बाहेरून येणारे लोक घाटांतील धबधब्यांचीं चित्रें घेतात आणि परत जातात. परंतु त्याच वाटेच्या बांधावर, हाताच्या एका वितींत, तितकाच समृद्ध दुसरा देश पसरलेला असतो. तेथें जावयास गाडी लागत नाहीं. गुडघे टेकावे लागतात.

शिवाय या कामांत आपल्या जिल्ह्यास एक थोर पूर्वज लाभलेला आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं आपल्या शेजारच्या त्र्यंबक येथें झाला. १९१३ सालीं लोकांसमोर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटानें त्यांचें नांव देशभर झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या आधीं, १९१२ सालीं, त्यांनीं एक अगदीं लहान चित्रपट केला होता, हें थोड्यांना ठाऊक असतें. एका कुंडींत वाटाणा पेरून त्याचें रोप कसें वाढतें, हें त्यांनीं कॅमेरा एका जागीं स्थिर ठेवून, दिवसामागून दिवस एकेक चित्र घेऊन टिपलें. तीं चित्रें ओळीनें दाखविलीं, तेव्हां महिनाभराची वाढ पाहणाऱ्यास क्षणांत दिसली. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें ती कृति ओळखली जाते, आणि ती पाहूनच पुढील उद्योगास भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. भारतीय चित्रपटाच्या आरंभीं राजवाडा नव्हता, वाटाण्याचा अंकुर होता. लहान वस्तूकडे चिकाटीनें पाहण्याचा हा वारसा आपणांस घराशेजारींच मिळालेला आहे.

विस्तारनळी म्हणजे काय?

विस्तारनळी म्हणजे कॅमेऱ्याचें अंग व त्याचें भिंग यांच्यामध्यें बसविण्याची एक पोकळ नळी. तिच्यांत कांच नसते. केवळ हवा असते. पुष्कळांस हें खरें वाटत नाहीं. ज्या वस्तूंत कांहींच नाहीं, ती मुंगीला मोठी कशी करील? म्हणून तिची कारणमीमांसा आधीं समजून घेतली पाहिजे.

समजा, आपल्या भिंगाचें केंद्रांतर ५० मिलिमीटर आहे. दूरच्या टेकडीची प्रतिमा अशा भिंगाच्या मागें ५० मिलिमीटरांवर पडते, आणि तेथेंच कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट, म्हणजे पूर्वीची फिल्म किंवा आजचा सेन्सर, असतो. आतां वस्तु जसजशी जवळ यावी, तसतशी तिची प्रतिमा भिंगाच्या मागें अधिकाधिक दूर पडूं लागते. वस्तु भिंगापुढें १०० मिलिमीटरांवर आली, कीं प्रतिमाहि मागें १०० मिलिमीटरांवर पडते. आणि त्या ठिकाणीं वस्तु व प्रतिमा यांचा आकार सारखा होतो. यासच एकास एक असें प्रमाण म्हणतात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील भिंगाचें सूत्र मांडून ज्यांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं अवश्य पाहावा.

तेव्हां एकास एक प्रतिमा हवी असेल, तर भिंग पटापासून मूळच्यापेक्षां आणखी ५० मिलिमीटर पुढें नेलें पाहिजे. परंतु नेहमींचें ५० मिलिमीटरांचें भिंग आपल्या फिरत्या कड्यावर सात-आठ मिलिमीटरांपेक्षां फारसें पुढें सरकत नाहीं. उरलेलें अंतर भरून काढणें, एवढेंच विस्तारनळीचें काम. ती मोठें करीत नाहीं. ती भिंगाला जवळ पाहूं देते. डोळ्याला कांहीं न देतां केवळ जवळ जाण्याची मुभा देणारें हें साधन आहे.

यावरून एक सोपा हिशेब निघतो. नळीची लांबी भागिलें भिंगाचें केंद्रांतर, इतकी भर प्रतिमेच्या प्रमाणांत पडते. बाजारांत १२, २० व ३६ मिलिमीटरांच्या तीन नळ्यांचा संच मिळतो. एकूण लांबी ६८ मिलिमीटर. ५० मिलिमीटरांचें भिंग स्वतःच्या बळावर वस्तूच्या आकाराच्या सुमारें ०.१५ पट प्रतिमा देतें. त्यास १२ ची नळी जोडली, तर ०.२४ ची भर पडून ०.३९ होतात, ३६ ची जोडली तर ०.८७, आणि तिन्ही जोडल्या तर सुमारें १.५. हींच नळी १०० मिलिमीटरांच्या भिंगास जोडली असतां भर निम्मीच पडते. उलट, फार रुंद पाहणाऱ्या, अल्प केंद्रांतराच्या भिंगास लांब नळी जोडली, तर फोकस भिंगाच्या कांचेला टेकण्याइतका जवळ येतो आणि चित्र घेणेंच अशक्य होतें. म्हणून आरंभास ५० मिलिमीटरांचें भिंग उत्तम.

पहिला पाठ : फूटपट्टी

नवशिक्यानें पहिल्या दिवशीं रानांत जाऊं नये. हें आम्ही अनुभवानें सांगतों. नळ्या हातीं आल्या त्या दिवशीं उत्साहाच्या भरांत आम्हीं तिन्ही एकदम जोडल्या आणि अंगणांतील तेरड्याच्या फुलासमोर जाऊन बसलों. कॅमेऱ्यांत धुक्याखेरीज कांहींच दिसेना. कड्याला कितीहि फिरविलें तरी धुकें तें धुकेंच. कॅमेरा बिघडला, असें समजून आम्ही तो पेटींत ठेवून दिला व ती रात्र हळहळण्यांत घालविली. बिघडलें कांहींच नव्हतें. नळी लावल्यावर दूरचें कांहींहि फोकसांत येत नाहीं, आणि जवळचेंहि एका नेमक्या अंतरावरच येतें, एवढें आम्हांस ठाऊक नव्हतें.

म्हणून पहिला पाठ टेबलावर घ्यावा. खिडकीजवळ एक फूटपट्टी ठेवावी. सर्वांत आंखूड नळी जोडावी. फोकसाचें कडें एका जागीं ठेवून द्यावें व आपण स्वतः कॅमेऱ्यासह हळूहळू पुढें-मागें व्हावें. पट्टीवरील रेघा एकाएकीं लखलखीत दिसतील, ती आपली जागा. या विद्येंत फोकस बोटांनीं जमत नाहीं, अंगानें जमतो. नंतर चित्र घेऊन त्यांत आडवे किती मिलिमीटर मावले, तें मोजावें. पुष्कळशा कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारें २३.५ मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यांत १२ च्या नळीनें सुमारें ६० मिलिमीटर, ३६ च्या नळीनें सुमारें २७ मिलिमीटर, व तिन्ही नळ्यांनीं सुमारें १६ मिलिमीटर मावतील. कांहीं भिंगांची आंतील रचना निराळी असल्यामुळें आंकडे थोडे इकडेतिकडे होतील. तेव्हां आपल्या भिंगाचे आंकडे वहींत टिपून ठेवावेत. पुढें रानांत एखादा जीव दिसला, कीं तो किती मोठा आहे यावरून कोणती नळी जोडावी, हें ती वही सांगेल.

दोन उणिवा

जवळ जाण्याचें मोल दोन ठिकाणीं चुकवावें लागतें: प्रकाशांत आणि खोलींत.

प्रकाशाचें असें, कीं भिंग पटापासून दुप्पट दूर गेलें, म्हणजे तोच प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो. अर्थात् एकास एक प्रमाणांत पटावर चौथा हिस्साच उजेड पडतो. ज्या चित्राला आधीं सेकंदाचा दोनशेवा भाग पुरत होता, त्याला आतां पन्नासावा भाग लागतो. तेवढ्यांत हात हलतो, वारा येतो, फूल डोलतें, आणि चित्र पुसट होतें.

खोलीचें संकट याहून मोठें. एकास एक प्रमाणांत, छिद्र एफ ८ वर ठेवलें असतां, वरील आकाराच्या सेन्सरावर स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा असतो. माशीचा डोळा स्पष्ट आला, तर पंख धूसर होतो. प्रमाण निम्मे केलें, तर हीच जाडी सुमारें दोन मिलिमीटरांपर्यंत वाढते. यावरून नवशिक्यानें बोध घ्यावा, कीं आरंभीं फार मोठें करण्याचा हव्यास धरूं नये. छिद्र लहान करीत गेल्यास खोली वाढते खरी. परंतु एफ १६ च्या पुढें प्रकाशकिरण छिद्राच्या कडेवरून वळून पसरतात व सगळेंच चित्र मऊ पडतें. म्हणून एफ ८ ते एफ ११ हा मध्यममार्ग बरा. त्याहून चांगला उपाय म्हणजे कॅमेऱ्याचा पट व आपणांस दाखवावयाचा भाग हे समांतर धरणें. फुलपाखरूं पंख मिटून बसलें असेल, तर त्याच्या बाजूनें यावें; मग आहे तीच खोली साऱ्या पंखाला पुरते. आणि जीव कोणताहि असो, डोळा स्पष्ट आलाच पाहिजे.

साहित्य

साधें साहित्य पुरेसें आहे. नळ्या दोन जातींच्या असतात. एक अगदीं साध्या, केवळ धातूच्या. दुसऱ्या, विजेचे स्पर्शबिंदु असलेल्या. आजच्या बहुतेक भिंगांचें छिद्र कॅमेरा विजेच्या संदेशानें चालवितो. साधी नळी मध्यें आली, कीं तो संदेश तुटतो व छिद्र आपल्या ताब्यांत राहत नाहीं. अशा भिंगास स्पर्शबिंदूंची नळी घ्यावी. ज्यांच्याजवळ जुनें, अंगावर छिद्राचें कडें असलेलें भिंग असेल, त्यांना स्वस्तांतली साधी नळी उत्तम चालते. अर्थात् तें भिंग व नळी यांचीं तोंडें एकमेकांस जुळलीं पाहिजेत.

मोबाइल फोनचें भिंग काढतां येत नाहीं, म्हणून त्यास नळी जोडतां येत नाहीं. ज्यांच्याजवळ तेवढाच आहे त्यांनीं निराश होऊं नये. फोनच्या भिंगापुढें लहान बहिर्गोल भिंग धरलें, तर तोहि जवळ पाहूं लागतो. ही रीति निराळी. तींत कांच वाढते, तर नळींत अंतर वाढतें. फळ मात्र एकाच जातीचें.

याखेरीज एक तिवई किंवा, जमिनीलगत काम असेल तेव्हां, धान्य भरलेली लहान पिशवी. वारा अडविण्यास छत्री. बाजूनें उजेड परतविण्यास पांढरा पुठ्ठा. फ्लॅश असेल, तर त्यापुढें पातळ पांढरा कागद लावावा, म्हणजे उजेड मवाळ होतो. फ्लॅशचा लखलखाट इतका अल्पकाळ टिकतो, कीं हात थोडा हलला तरी तो चित्रांत उमटत नाहीं. आमच्याकडील पावसांत भिंगाला बुरशी धरण्याची फार भीति असते; म्हणून घरीं आल्यावर सर्व वस्तु कोरड्या पुसून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. वाऱ्यांत उभें राहून नळ्या बदलूं नयेत. धूळ थेट सेन्सरावर बसते.

रानांतील पाठ

वेळ सकाळची, सूर्य उगवल्यापासून दीड-दोन तासांची. तेव्हां वारा कमी असतो आणि दंवानें व गारव्यानें कीटक जड झालेले असतात. आपली सावली त्यांच्यावर पडणार नाहीं, अशा बाजूनें, हळूहळू, मध्यें थांबत जवळ जावें. उडी मारणारा लहान कोळी भेटला तर सोडूं नये. त्याला बहुधा आठ डोळे असतात, व त्यांपैकीं पुढचे दोन मोठे, दिव्यांसारखे. आपण त्याच्याकडे पाहतों तेव्हां तोहि मान वर करून आपणांकडे पाहतो. इतका थेट परिचय दुसऱ्या क्वचित् जीवाचा होतो.

परंतु आमचा सर्वांत चांगला पाठ खुरासणीच्या शेतांत झाला, आणि सर्वांत वाईट पाठहि तेथेंच झाला.

आश्विनांतल्या एका सकाळीं चार विद्यार्थ्यांसह आम्ही एका बांधावर उतरलों. शेताची मालकीण, एक वृद्ध बाई, तण काढीत होती. आम्हीं परवानगी मागितली. तिनें विचारलें, “गुरुजी, माशांचे फोटो कशाला? माशा फुलांतला रस नेतात, मग दाणा पोकळ राहतो.” आम्ही वाद न घालतां कामास लागलों. घरीं येऊन चित्रें पाहतों, तों पहिलें आश्चर्य फुलाचेंच. ज्याला आपण खुरासणीचें एक फूल म्हणतों, तें एक फूल नव्हेच. ती फुलांची वस्ती आहे. कडेच्या बहुधा आठ पिवळ्या पाकळ्या म्हणजे आठ निरनिराळीं फुलें, आणि मधल्या पिवळ्या गादींत दाटीवाटीनें बसलेलीं कित्येक नळीसारखीं फुलें. त्या एकेका लहान फुलाचा पुढें एकेक काळा दाणा होतो. आणि त्या गादीवर बसलेल्या मधमाशीच्या अंगावरील प्रत्येक केंसाला परागकण चिकटलेले होते. मागल्या पायांवर परागाची पिवळी गोळी होती.

खुरासणीचा धर्म असा आहे, कीं त्याच झाडाचा पराग त्याच झाडास सहसा लागत नाहीं. दुसऱ्या झाडाचा यावा लागतो. तो माशी आणते. अर्थात् माशी दाणा पोकळ करीत नाहीं, दाणा भरते. दुसऱ्या दिवशीं एका मुलानें तें चित्र त्या बाईस दाखविलें व म्हणाला, “आजी, ही माशी चोर नाहीं, ही पेरणी करते आहे.” ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “इतकी केंसाळ असते होय ही!” औषध फवारावयाचें तर फुलोऱ्यांत नको, एवढें तिनें आपणहून ठरविलें. कोणास शंका असेल, तर त्यानें कळ्या असतांनाच थोडीं फुलें पातळ मलमलीच्या पिशवींत बांधून ठेवावींत व दाणे धरल्यावर उघड्या फुलांशीं ताडून पाहावींत. सांगण्यापेक्षां तें बरें.

आतां वाईट पाठ. त्याच शेतांत एका शेंड्यावर एक हिरवट कोळीण आपल्या अंड्यांच्या पिशवीला पायांनीं कवटाळून बसली होती. जागा सावलींत होती. चांगला उजेड मिळावा म्हणून आम्हीं तो शेंडा वांकवून सुतळीनें बांधला. चित्र उत्तम आलें. सुतळी सोडतांना शेंडा मोडला. आम्हीं तो दुसऱ्या झाडाला टेकवून ठेवला व घरीं गेलों. दुसऱ्या दिवशीं शेंडा सुकून खालीं पडला होता. कोळीण तेथें नव्हती, आणि पिशवीला मुंग्या लागल्या होत्या. बरोबरच्या मुलांपैकीं कोणीहि कांहीं बोललें नाहीं. तें चित्र आमच्या संग्रहांत आहे. परंतु भिंतीवर लावण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

त्या दिवसापासून आम्हीं चार नियम केले आहेत. शेतांत पाऊल टाकण्यापूर्वीं धन्याची परवानगी घ्यावी व पीक तुडवूं नये. फूल तोडूं नये, फांदी वांकवूं नये. उजेड हवा असेल तर पुठ्ठा हलवावा. जीवाला पकडून, गारठवून किंवा चिकटवून चित्र घेऊं नये. आणि घरटें, अंडीं किंवा पिलें असतील, तेथें एकच चित्र घेऊन मागें फिरावें. चित्र चुकलें तर पुन्हां येतें. मोडलेला शेंडा येत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, ही विद्या फार खर्चाची नाहीं. एक जुनें भिंग, एक पोकळ नळी, एक वही आणि सकाळचे दोन तास. नळींत कांहींच नसतें, हें आरंभीं आम्हीं सांगितलेंच. ती केवळ आपणांस जवळ नेते. जवळ गेल्यावर काय पाहावें आणि कोठें थांबावें, हें मात्र आपलें आपणच शिकावयाचें आहे. येत्या मृगांत तो तांबडा मखमली ठिपका पुन्हां वाटेवर येईल. त्याला आगपेटींत घालूं नका. त्याच्या शेजारीं गुडघे टेका, आणि त्याचे पाय मोजा.